कोंबडीला झालंय तरी काय?

"काका, आपकी लालवाली आज चुप है," असं समोरच्या इमारतीतल्या भाभींनी दुसऱ्या मजल्यावरून कळवलं तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता. तसाच फेसासकट परसात गेलो. लाल कोंबडी जास्वंदीखाली एका पायावर उभी. पिसं फुगवलेली, मान अंगात ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. खरं सांगायचं तर मला ती आजारी वाटली नाही, ओळखीची वाटली. चौतीस वर्षं मी भाईंदर लोकलने चर्चगेटला गेलो. बोरिवलीपासून पुढे आमचा सगळा डबा असाच दिसायचा.

पाच मिनिटांत उत्तनच्या मावशी मासळीची पाटी घेऊन दारात आल्या. कोंबडीकडे एकदा बघून त्यांनीही विचारलं, "काय झायलं? बरी हाय ना?"

भाईंदर पश्चिमेला कोंबडी पाळायची असेल तर या दोन चौकशांमधला फरक कळावा लागतो. भाभींच्या 'बरी आहे ना'मध्ये जीवदया असते. मावशींच्या 'बरी आहे ना'मध्ये रस्सा असतो. भाभींच्या घरात जमिनीखाली उगवलेला कांदा-बटाटा येत नाही आणि मावशींच्या हिशेबी पाण्याखालून न आलेली वस्तू म्हणजे तोंडीलावणं. या दोन टोकांच्या मधोमध, स्टेशनातून निघून मुर्धे, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, माझं बैठं घर, हातभर परस आणि पाच कोंबड्या आहेत. 28 फेब्रुवारी 2002 रोजी आमच्या नगरपालिकेची मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. कोंबड्यांना ते अजून कोणी कळवलेलं नाही.

माणूस आजारी पडला की सांगतो. सांगतो म्हणजे काय, दुसरं काही बोलतच नाही. कोंबडीचं उलट असतं. जंगलात ज्याचा तोल गेला तो आधी उचलला जातो, हे तिच्या रक्तात मुरलेलं आहे. त्यामुळे ती शेवटच्या टप्प्यापर्यंत 'आपलं सगळं झकास चाललंय' असं दाखवत दाणे टिपत राहते. टिपल्याचा आव आणते म्हणू या. चोच जमिनीला लागते, दाणा तिथेच असतो. आमच्या कचेरीत पदोन्नतीची यादी लागायच्या आठवड्यात लोक फायलींवर असेच तुटून पडायचे. सांगायचा मुद्दा हा की कोंबडी पेंगताना दिसली म्हणजे आजार आज सुरू झालेला नसतो. नाटक आज संपलेलं असतं.

म्हणून निवृत्तीनंतर मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन परसात खुर्ची टाकून बसतो आणि पाच जणींची हजेरी घेतो. तुरा लालभडक की फिका, पिसं नीट बसलेली की विस्कटलेली, खुराड्याचं दार उघडल्यावर पहिली कोण धावली, मागे कोण राहिली. हे सगळं वहीत लिहितो. बायको म्हणते, "एवढं लक्ष मुलाच्या दहावीत दिलं असतंत तर तो आज कुठल्या कुठे असता." तो आज विरारला असतो.

हजेरीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे शीट. जेवता जेवता वाचत असाल तर हा परिच्छेद नंतर वाचा, पण वाचा. कोंबडीला मूत्राशय नसतं. दोन्ही खाती एकाच खिडकीतून चालतात. तपकिरी गोळी आणि तिच्यावर पांढरी टोपी, ही निरोगी शीट. पांढरी टोपी म्हणजे लघवी. आठ-दहा वेळांतून एकदा मात्र चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची शीट येते. पहिल्यांदा ती पाहून मी अर्धा दिवस जेवलो नव्हतो आणि रजिस्टरात लाल शाईने 'हगवण' अशी नोंद केली होती. नंतर कळलं, ती आतड्याच्या दोन बंद पिशव्यांमधून येते आणि ती येणं हे उत्तम प्रकृतीचं लक्षण आहे. रक्त दिसलं तर रक्ती हगवण, हिरवट दिसली तर अधिक काळजी. लालची त्या सकाळची शीट यांपैकी कशातच बसत नव्हती. ती निव्वळ पाणी होती.

हिरवट पातळ शीट म्हटलं की कोंबडीवाल्याच्या पोटात गोळा येतो तो मानमोडीच्या आठवणीने. माझी आजी 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला मानमोडी म्हणायची. माणसांची ती साथ गेली आणि नाव कोंबड्यांकडे राहिलं. मान पिळवटते, पंख लुळे पडतात, बघता बघता खुराडं रिकामं होतं. पुस्तकात या रोगाचं नाव राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातलं एवढं देखणं गाव, 1920 च्या दशकात तिथे हा रोग सापडला आणि त्याच्या नावावर कायमचा चढला. इंग्रजांनी मात्र प्रामाणिकपणा दाखवला. त्यांच्याकडे त्याच रोगाला न्यूकॅसल या त्यांच्याच शहराचं नाव आहे. भाईंदरच्या नावावर अजून एकही रोग नाही. लोकलची पाठदुखी कोणी नोंदवायला घेतली तर सांगता येत नाही.

पण लालला मानमोडी असणं कठीण होतं, कारण तिला लस दिलेली होती. या लसीची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मानमोडीची लस स्वस्त आहे, सोपी आहे, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकला की झालं. अडचण एकच. मला मिळालेली सर्वांत लहान कुपी होती शंभर कोंबड्यांची. माझ्याकडे पाच. कुपी एकदा कालवली की बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवायची, उरलेली टाकायची. म्हणजे पंचाण्णव थेंब गटारात. मी मध्यमवर्गीय माणूस आहे. टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतून पुसून घेतो. पंचाण्णव थेंब टाकून देणं मला शक्य नव्हतं. मी पंचाण्णव कोंबड्या शोधायला निघालो.

माझ्या कोंबड्या डोंगरीच्या एका आजींकडून आणलेल्या, म्हणून आधी तिथे गेलो. चहाच्या थर्मासात बर्फ, बर्फात कुपी, खिशात टॉर्च. बर्फ मावशींनी दिला; मासळीवरचा होता, त्यामुळे थर्मासाला आजही बोंबलाचा वास येतो आणि तो आता फक्त लसीसाठी राखून ठेवला आहे. वेळ दिवेलागणीची निवडली होती. कोंबडी दिवसा पकडायची म्हणजे साठीतल्या माणसाने धावायच्या शर्यतीत उतरायचं. अंधार पडला की तीच कोंबडी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जागच्या जागी बसते. उचला, मान थोडी तिरपी करा, थेंब टाका, तिने डोळा मिचकावला की खाली ठेवा, पुढची.

पहिल्या घरी अकरा झाल्या. तेवढ्यात बातमी फुटली. चर्चच्या बाजूच्या आळीतून पोरं डालीच्या डाली घेऊन आली. कोणी कोंबडा काखोटीला मारून आला, कोणी बदक आणलं. बदकाला मी नम्रपणे नाही म्हटलं. एका आजीबाईंनी सगळं शांतपणे पाहून विचारलं, "मोतीबिंदूला चालतं काय रे हे?" दोन तासांत त्र्याण्णव कोंबड्या झाल्या. उरलेल्या दोन थेंबांसाठी शेवटच्या बसची वेळ टळेपर्यंत मी गल्लीत ओरडत फिरलो असं बायको सगळ्यांना सांगते. ओरडत नव्हतो. चौकशी करत होतो.

तेव्हापासून त्या भागात मी 'कोंबड्यांचा डाक्टर' झालो आणि मला डोंगरीहून फोन येऊ लागले. एकीचे केस गळतात. (पिसं. आणि वर्षातून एकदा जुनी गळून नवी येतातच, तेवढ्या काळात अंडी बंद. कोंबडीलाही दिवाळीची सुट्टी असू द्या.) एक तीन दिवस जागची उठत नाही, हात घातला की फुरफुरते. ती खुडूक बसलीय, आजारी नाही. एकीच्या तुऱ्यावर काळे फोड. त्या देवी, डासांमुळे पसरतात आणि डासांच्या बाबतीत आमची खाडीकाठची वस्ती कोणाला हार जाणारी नाही. एक रात्री खुराड्यात जायलाच तयार नाही, बाहेर झाडावर बसते. हे मात्र कोडं होतं. मी रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन त्यांच्या खुराड्यात डोकं घातलं, तर फळ्यांच्या फटींतून टाचणीच्या टोकाएवढे लाल किडे रांगेने बाहेर पडत होते. दिवसा फटीत झोपायचं, रात्री कोंबडीचं रक्त प्यायचं. कोंबडी शहाणी होती, भाड्याचं घर सोडून निघाली होती. घरमालक मात्र ती कुत्र्याला घाबरली असं समजून रात्रभर जागून कुत्र्याला शिव्या देत होते.

लालकडे परत येतो. ताप आहे का बघावा असं मला वाटलं. कपाळ कुठे असतं ते ठरेना, म्हणून घरातलं थर्मामीटर घेतलं आणि ज्या एकमेव खिडकीचा वर उल्लेख केला तिथे ते लावलं. आकडा पाहिला आणि मी ओरडलो. जवळजवळ एकशे सहा! बायको कोलनवॉटरची पट्टी घेऊन धावत आली. भाभींनी वरून हात जोडले. मग वहीत पाहिलं, कोंबडीचं नेहमीचं तापमानच साधारण एक्केचाळीस अंश सेल्सियस असतं, म्हणजे एकशे सहाच्या आसपास. लालला ताप नव्हता. यानंतर बायकोने एकच प्रश्न विचारला, "थर्मामीटर कुठलं घेतलं होतंत?" आता घरात दोन थर्मामीटर आहेत आणि एकाला लाल दोरा बांधलेला आहे.

सर्वात मोठी धास्ती मी मुद्दाम मनाच्या मागच्या कप्प्यात ठेवली होती. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा पुष्कळांना आधी राणीखेतच वाटली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला. भारतातला तो पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि आमच्या कचेरीच्या कँटीनमध्ये अंडा भुर्जी मागणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात, 2022 च्या फेब्रुवारीत तर आमच्याच ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत तेच. त्यामुळे नियम ठरलेला आहे. एक कोंबडी पेंगली तर आपण डोकं खाजवायचं. एका दिवसात अनेक धडाधड मेल्या तर हुशारी दाखवायची नाही, हात लावायचा नाही, कापायचं तर नाहीच, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. माझ्या चार कोंबड्या या वेळी उकिरडा उकरत एकमेकींशी भांडत होत्या. एकटी लालच पेंगत होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिला पिशवीत घालून डॉक्टरकडे नेलं.

आमच्या भागातले प्राण्यांचे डॉक्टर म्हणजे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर. स्वागतिकेने फॉर्म भरायला घेतला.

"पेटचं नाव?"

"लाल."

"ब्रीड?"

"गावठी."

"म्हणजे इंडी," असं म्हणून तिने ते लिहिलं. शेजारी बसलेल्या लॅब्राडोरने लालकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला मावशींच्या नजरेसारखी वाटली. फी सहाशे रुपये. कोंबडी साडेतीनशेची. हा हिशेब मी मनात करतोय हे डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी दार लावून खरं बोलायला सुरुवात केली. "काका, कॉलेजात मी कोंबडीच्या पेपराला पास झालो. त्यानंतर कोंबडी भेटली ती थेट ताटात." पण माणूस सज्जन. त्यांनी लालची छाती चाचपली, डोळे पाहिले, चोच उघडून आत टॉर्च मारला. अंडं अडकलं आहे का तेही पाहिलं. फी घेतली नाही. निघताना म्हणाले, "खायला काय देता?"

"कोंबडीखाद्य. दाणे. घरातलं थोडंफार."

"थोडंफार म्हणजे काय, ते बघा."

घरी येताना मला त्या डच डॉक्टरांची गोष्ट आठवली. ख्रिस्तियान आइकमान. 1890 च्या सुमारास ते जावा बेटावर बेरीबेरीचा जंतू शोधत होते. सैनिकांचे पाय लुळे पडायचे. प्रयोगासाठी ठेवलेल्या कोंबड्याही लडखडू लागल्या, ज्यांना जंतू टोचलेच नव्हते त्यासुद्धा. मग एके दिवशी सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर निघालं ते असं: कोंबड्यांना मधले काही महिने लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. नवा आचारी आला. त्याने सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या साध्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. त्या कोंड्यात जे होतं ते पुढे जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं आणि आइकमानना 1929 साली नोबेल मिळालं. आचाऱ्याला काय मिळालं कोणास ठाऊक. सरकारी कचेरीतला आडमुठेपणा मानवजातीच्या कामी आल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण आहे आणि निवृत्त कारकून म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

तर मी आचाऱ्याचा शोध सुरू केला. पहिला पुरावा पाण्याच्या भांड्यात मिळाला. कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. पाच जणींचं सव्वा लिटर. उन्हाळ्यात दुप्पट धरा, पण हा डिसेंबर होता. माझं तीन लिटरचं भांडं दुपारी बारालाच कोरडं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची परसातून हलवून न्हाणीघराच्या खिडकीमागे टाकली आणि पाळत ठेवली.

सात वाजता वरून गाठियांचा पाऊस पडला. भाभींचा हात गॅलरीतून बाहेर येत होता आणि त्यांच्या घरात उरलेले गाठिया, शेव, खाखऱ्याचे तुकडे, हिरव्या मिरच्या वगळून, पुण्य म्हणून खाली येत होते. साडेसातला मावशी. पाटी दारात ठेवून त्यांनी पदराआडून मूठभर सुकटीचा चुरा आणि दोन खाऱ्या बांगड्यांची डोकी कुंपणावरून आत टाकली. "खा गो बाय, जाडी हो," असंही म्हणाल्या. आठ वाजता माझ्या स्वतःच्या बायकोने कालच्या फोडणीच्या भातात लोणच्याच्या बरणीचा तळ पुसून ते ताट पालथं केलं. मी वहीत सगळं टिपून घेतलं. चार वाजता चहाबरोबर चिवडा खाताना मूठभर चिवडा आपोआप परसात गेला, आणि तो टाकणारा हात माझा होता. तेही टिपलं.

कोंबडीच्या खाद्यात शंभर भागांना अर्धा भागसुद्धा मीठ लागत नाही. जास्त झालं की ती ढसाढसा पाणी पिते आणि ते सगळं खाली येतं. फारच झालं तर मरते. भाईंदर मिठागरांचं गाव. इथल्या मिठावर किती घरं जगली. त्याच गावात, दयेने, लोभाने, आळसाने आणि चहाच्या नादात, आम्ही चौघांनी मिळून एका कोंबडीला खारवायला घेतलं होतं.

मग इतर चौघी ठणठणीत कशा? त्याचं उत्तर नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या मारामाऱ्या वहीत लिहून काढायचा (वही ठेवणारा मी एकटा नाही, हे बायकोला दाखवून झालं आहे) आणि त्यातून त्याला कळलं की कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड पक्की असते. आमच्याकडे लाल सर्वांत वर. आकाशातून गाठिया पडो की कुंपणावरून बांगडा, पहिली चोच तिची. बाकीच्यांना उरलेली चव. पेंगायचा मानही त्यामुळे तिलाच मिळाला.

हे वरचं खाणं बंद केलं, ताजं पाणी ठेवलं, साधे दाणे सुरू केले. चौथ्या दिवशी लालने खुराड्यातून पहिली उडी मारली आणि काळीच्या डोक्यावर सणसणीत चोच हाणली. शीट घट्ट, पांढरी टोपी जागेवर. मी कुंपणावर पाटी लावली: 'कोंबड्यांना काही घालू नये.' भाभींना वाटलं, मी माझ्यापुरतं काही व्रत धरलंय, त्यांनी वरून कौतुकाने विचारलं, "कितने दिन का है?" मावशींना वाचता येतं, पण त्यांनी पाटीला सुकटीची पिशवी अडकवून ठेवली. पाटीवर 'टांगू नये' असं लिहिलेलं नव्हतं.

बायकोने मात्र सगळी वही शांतपणे वाचली. पाण्याचा हिशेब, अर्ध्या भागाचा हिशेब, चिवड्याची नोंद. मंगळवारपासून माझ्या ताटात लोणचं येत नाही, चहाबरोबर साध्या लाह्या असतात, आणि लाल दोरा नसलेलं थर्मामीटर माझ्या उशाशी ठेवलेलं आहे. निदान लाल दोरा नसलेलंच आहे, असं मी धरून चाललो आहे.